रीळ बदलताना शिट्ट्या नकोत!

'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) पाहिलात? त्यात महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या फिरत्या टॉकीज आहेत. रीळवेड्यांसाठी त्यातलीच तांत्रिक गंमत.

३५ मिमीचं २००० फुटी रीळ जेमतेम २२ मिनिटं चालतं. एकच प्रोजेक्टर असेल तर मध्ये अंधार आणि शिट्ट्या. दोन असले की रीळ संपायला साधारण ८ सेकंद उरताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो: दुसरी मोटर सुरू करा. दुसरा ठिपका दिसला की अदलाबदल.

ही अदलाबदल दुरून करायची तर 'अ' आणि 'ब' या दोन्ही प्रोजेक्टरच्या प्रकाश अडवणाऱ्या प्रत्येक झडपेला उघडायची आणि मिटायची अशा दोन कॉइल. 'ब'चं बटण 'ब' उघडतं, त्याच क्षणी 'अ' मिटतं. आवाज रिलेवरून वळवा. बटण घंटीसारखं, क्षणभर दाबायचंच घ्या. क्षणिक कामाच्या कॉइलला सतत वीज दिली तर ती जळणारच!