तंजावरची सहल : पूर्वतयारी व पाहणी

सहलीची तयारी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सामानाची पिशवी, फराळाचा डबा व आगगाडीचें तिकीट हींच उभीं राहतात. हीं साधनें अवश्य हवींत. परंतु तेवढ्यानें प्रवास फलद्रूप होत नाहीं. काय पाहावयाचें, केव्हां पाहावयाचें आणि काय सोडून द्यावयाचें, हें ज्यानें घरींच ठरविलें नाहीं, तो दहा देवळें पाहून येतो व त्यांतील एकाचेंही नीट वर्णन त्यास करितां येत नाहीं. याकरितां उदाहरण म्हणून तामिळनाडूंतील तंजावर शहर घेऊं. तें दूर असलें तरी मराठी माणसास परकें नाहीं.

प्रथम ऋतूचा विचार. आपल्याकडील पावसाळा संपत येतो, तेव्हां तिकडील मुख्य पाऊस सुरू होतो. ईशान्येकडील वारे तो आक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत आणतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य असतें. म्हणून जानेवारी व फेब्रुवारी हे महिने उत्तम. मुंबई-पुण्याहून आगगाडीनें चेन्नई गांठावी व तेथून दुसऱ्या गाडीनें तंजावरास जावें. मुक्काम निदान तीन दिवसांचा असावा.

मग वेळेचा विचार. देवालयांत पादत्राणें काढून जावें लागतें आणि भर दुपारीं तेथील फरसबंदी पावलांस भाजते. शिवाय दुपारीं कांहीं तास गाभारा बंद असतो. यास्तव सकाळ व सायंकाळ देवालयास द्यावी, आणि मधली वेळ राजवाडा व ग्रंथालय यांस द्यावी.

येथील बृहदीश्वराचें देवालय पहिल्या राजराज चोळानें बांधिलें व तें १०१० सालीं पूर्ण झालें. त्याचें शिखर, ज्यास तिकडे विमान म्हणतात, सुमारें साठ मीटर उंच आहे. कावेरीच्या गाळानें बनलेल्या या सपाट प्रदेशांत असा कठीण दगड निघत नाहीं. तो सगळा बाहेरून आणावा लागला. मदुरेसारख्या पुढील काळांतील देवालयांत वेशीवरचीं गोपुरें उंच व गाभाऱ्यावरचें शिखर लहान असतें. येथें नेमका उलट प्रकार आहे. हा एक भेद ध्यानांत ठेविला, तर दक्षिणेंतील कोणतेंही देवालय पाहतांना त्याचा काळ ओळखण्यास मदत होते. जोत्यावरील तामिळ शिलालेखांत देवालयास मिळालेल्या देणग्या आणि सेवेस नेमिलेल्या सुमारें चारशें नर्तकी यांची नोंद आहे. तो लेख म्हणजे दगडावर लिहिलेली जमाखर्चाची वहीच होय.

वाटाडे सांगतील कीं या शिखराची छाया भूमीवर पडत नाहीं. वाद न घालतां सकाळीं पश्चिमेच्या बाजूस उभें राहावें; छाया पडलेली स्वतःच्या डोळ्यांनीं दिसेल. राजराजाच्या कीर्तीस या दंतकथेची गरज नाहीं.

आतां आपला संबंध पाहूं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७५ च्या सुमारास येथें राज्य स्थापिलें, आणि भोसल्यांचें घराणें १८५५ पर्यंत गादीवर होतें. याच देवालयाच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास १८०३ सालीं मराठींत कोरविलेला आहे. तो कोरविणारे दुसरे सरफोजीराजे होत. मराठी मुलानें तेथें उभें राहून चार ओळी तरी स्वतः वाचाव्या. दोन शतकांपूर्वीची आपली भाषा कशी होती, याचा असा धडा वर्गांत मिळणें कठीण.

सरफोजीराजांनीं वाढविलेलें सरस्वतीमहाल ग्रंथालय राजवाड्याच्या आवारांत आहे. तेथें संस्कृत, तामिळ, तेलुगु व मराठी हस्तलिखितें जतन केलेलीं आहेत. त्यांत मोडी कागदपत्रेंही पुष्कळ आहेत. या राजांचे बाळपणींचे पालक श्वार्ट्स हे जर्मन मिशनरी होते. १७९८ सालीं ते वारल्यावर राजांनीं फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचें संगमरवरी स्मारक करवून घेतलें. शिवगंगा बागेजवळील चर्चमध्यें तें पाहावयास मिळतें. शिवभक्त राजानें ख्रिस्ती गुरूसाठीं उभारिलेलें हें स्मारक देवालयापासून थोड्याच अंतरावर आहे. दोन्ही एका दिवसांत अवश्य पाहावीं.

तिसरा दिवस कुंभकोणमजवळील दारासुरम् व पुढील गंगैकोंडचोळपुरम् येथील चोळकालीन देवालयांस द्यावा. बृहदीश्वरास १९८७ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. हीं दोन्ही २००४ सालीं त्यांत समाविष्ट झालीं.

शेवटीं वर्तनाविषयीं दोन शब्द. हीं देवालयें म्हणजे पदार्थसंग्रहालयें नव्हेत. तेथें आजही पूजा चालते. वेष साधा व अंगभर असावा, आवाज हळू असावा, आणि जेथपर्यंत जाण्याची मुभा असेल तेथेंच थांबावें. आपला धर्म कोणताही असो, दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळीं मौन पाळणें हें सभ्यतेचें लक्षण आहे. भिंतीवर आपलें नांव कोरण्याचा मोह होईल, त्या वेळीं १८०३ च्या त्या अक्षरांची आठवण ठेवावी. तीं वाचावयास मिळालीं, याचें कारण मागच्या कित्येक पिढ्यांतील प्रवाशांनीं त्यांवर हात चालविला नाहीं. पुढें येणाऱ्या मुलांसाठीं आपणही तेवढेंच करावयाचें आहे.