सहल, तलाव आणि आपले रक्त

दिवाळीची सुट्टी संपते, धानाची कापणी उरकत येते आणि भंडारा जिल्ह्यातल्या शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते तलावावर जाऊ, कोणी म्हणते पवनीचा स्तूप पाहू, कोणाला नागझिऱ्याचे जंगल हवे असते. वर्गणी ठरते, एस. टी.ची चौकशी होते आणि पालकांच्या सहीसाठी कागद घरोघर जातात. त्यांतला एखादा कागद मात्र सहीविना परत येतो. "हिला नेऊ नका, सर. हिचे हातपाय दुखतात," असा निरोप त्याच्याबरोबर असतो. पुष्कळदा या दुखण्याचे नाव असते सिकलसेल.

पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या साऱ्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आहेत. मग अशा मुलांनी सहलीच्या दिवशी घरीच बसायचे का? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या दयेने किंवा नुसत्या धाडसाने देता येणार नाही. त्यासाठी आपले रक्त कसे काम करते, ते समजून घ्यावे लागेल. चला, सहलीला निघता निघताच ते समजून घेऊ.

तलाव पाहावा कसा?

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. येथले बहुतेक जुने तलाव निसर्गाने केलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव बांधले जात आले आणि त्या कामात कोहळी समाजाचे कसब विशेष नावाजले गेले. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव असे नाव पडले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव सरकारी नोंदीत आहेत.

तलावावर पोचलात की आधी पाळीवर चढा. पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. पाळीतून पाणी सोडण्याची जी वाट ठेवलेली असते, ती तुडूम. तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी जेथून वाहून जाते, ती सलंग. तुडुमातून निघालेले पाणी पाटाने धानाच्या बांध्यांत जाते. पाट गाळाने भरला किंवा झुडपांनी अडला, तर काय होते? तलावात पाणी असूनही शेवटची बांधी कोरडी राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण असेच काहीसे आपल्या शरीरातही घडू शकते.

पाळ चढण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून एक मिनिटाची नाडी मोजा आणि वर पोचल्यावर पुन्हा मोजा. ठोके वाढलेले दिसतील. पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू हवा असतो, म्हणून हृदय रक्त अधिक जोराने फिरवते. हा प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबड्या रक्तपेशींचे.

पेशी गोल असते, तेव्हा

तांबडी पेशी ही दोन्ही बाजूंनी दबलेल्या पेढ्यासारखी असते. तिची रुंदी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने बसतील. केशवाहिन्या काही ठिकाणी या पेशीहूनही अरुंद असतात. निरोगी पेशी मऊ असल्यामुळे वाकून, घडी घालून तेथून निघून जाते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे.

पेशीत हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. हे प्रथिन चार साखळ्यांचे बनलेले आहे. दोन आल्फा साखळ्या आणि दोन बीटा साखळ्या. साखळीच्या कड्या म्हणजे अमिनो आम्ले. आल्फा साखळीत १४१ कड्या आणि बीटा साखळीत १४६. सिकलसेलच्या रुग्णाच्या बीटा साखळीत सहावी कडी तेवढी बदललेली असते. तेथे ग्लुटामिक आम्ल असायला हवे, त्याऐवजी व्हॅलीन असते. बाकी सगळे जसेच्या तसे!

एवढ्याशा बदलाने काय बिघडते? ग्लुटामिक आम्लाला पाण्याचा सहवास मानवतो, व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू पाहते. हीमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलीन शेजारच्या हीमोग्लोबिनमधल्या एका खाचेत जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जातात आणि त्यांचे ताठ धागे तयार होतात. धाग्यांच्या रेट्याने गोल पेशी ओढली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव.

वाकडी, ताठ पेशी केशवाहिनीत अडकते. तिच्यामागे दुसऱ्या अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तेथे असह्य वेदना सुरू होतात. हाच तो अडलेला पाट! शिवाय अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात, त्यामुळे अंगात रक्त कमी राहते आणि थकवा येतो. वेदना बाहेरून दिसत नाहीत. सूज नाही, जखम नाही. म्हणून वर्गात कोणीतरी "ढोंग करते" असे म्हणून मोकळे होते. पेशींचे चित्र एकदा पाहिलेला विद्यार्थी असे म्हणणार नाही.

या आजाराचा शोधही एका विद्यार्थ्यामुळेच लागला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला शिकागोला आलेला एक तरुण १९०४ मध्ये रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनमध्येच असल्याचे दाखवले. नेमकी कोणती कडी बदलली, ते १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधले. भारतात हे हीमोग्लोबिन प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळले.

हंसाची गोष्ट

आता पाळीवरून पाण्याकडे पाहा. हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या मोठ्या तलावांवर दूरदूरची बदके आणि हंस उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस दिसला, तर तो पट्टकादंब. मध्य आशिया, मंगोलिया, तिबेट येथून हिमालय ओलांडून तो भारतात येतो. अंगावर यंत्र बसवलेल्या एका पट्टकादंबाची समुद्रसपाटीपासून सुमारे ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. तेवढ्या उंचीवर प्राणवायू येथल्याच्या निम्म्याहून कमी मिळतो.

तेथे तो पंख कसे हलवू शकतो? त्याची फुप्फुसे मोठी आहेत, तो श्वासही खोल घेतो. पण आणखी एक गंमत त्याच्या हीमोग्लोबिनमध्ये आहे. आल्फा साखळीतल्या ११९ व्या जागी त्याच्या भाईबंदांत प्रोलीन असते, त्याच्याजवळ ॲलानीन आहे. या बदलामुळे विरळ हवेतूनही त्याचे हीमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडते.

एका कडीच्या बदलाने एक पक्षी हिमालय ओलांडतो आणि दुसऱ्या एका कडीच्या बदलाने एका मुलीला वर्गाचा जिना जड जातो. यात पक्ष्याचे पुण्य नाही की मुलीचे पाप नाही.

आणि माणसातला हा बदलही सर्वस्वी निरुपयोगी नाही. ज्याला आई आणि वडील यांच्यापैकी एकाकडूनच सिकलचे जनुक मिळाले, तो वाहक. त्याला सहसा कसला त्रास होत नाही, उलट जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिले. मलेरियाच्या मुलखात वाहक अधिक संख्येने जगले आणि जनुक टिकले. ज्याला दोन्ही बाजूंनी हे जनुक मिळाले, तो रुग्ण. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने होत नाही. तो एखाद्याच समाजाचाही नाही.

दोन नाण्यांचा खेळ

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर मुलांचे काय? दोन नाणी घ्या. एक आईचे, दुसरे वडिलांचे. छापा म्हणजे साधे जनुक, काटा म्हणजे सिकलचे. दोन्ही नाणी एकदम उडवा आणि निकाल वहीत लिहा. असे ४० वेळा करा. दोन्ही छापे सुमारे १० वेळा येतील (निरोगी), एक छापा एक काटा सुमारे २० वेळा (वाहक) आणि दोन्ही काटे सुमारे १० वेळा (रुग्ण).

या खेळात दोन काटे लागोपाठही येतील. नाण्याला मागची फेक आठवत नसते. म्हणून "पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील" हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता चारात एक, तेवढीच. लग्नापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

तपासणी सोपी आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले, तर सिकलचे हीमोग्लोबिन आहे. पण ते वाहकाचे की रुग्णाचे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी करावी लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आणि २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी येतात. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारालाही मान्यता मिळाली, पण तो अतिशय महाग आहे.

सहलीला कसे न्यावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उन्हाळ्यात तलाव आटला, की उरलेल्या पाण्यात मासळीची दाटी होते. अंगातले पाणी कमी झाले, की तांबड्या पेशीतले पाणीही कमी होते आणि आत हीमोग्लोबिनची तशीच दाटी होते. ही दाटी थोडीशी वाढली तरी धागे बनण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून सिकलसेलच्या मुलाला पाणी हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

त्यातच आणखी एक अडचण असते. या आजारात मूत्रपिंडे पाणी नीट राखून ठेवू शकत नाहीत. मुलाला वारंवार लघवीला जावे लागते आणि पाणी वाया जाते. सहलीत पुष्कळ मुली सोय नसेल या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. निरोगी मुलीला त्याने डोकेदुखी होईल, सिकलसेलच्या मुलीला रुग्णालय गाठावे लागेल. तेव्हा सहलीचा मार्ग ठरवताना देऊळ आणि बाग यांच्याआधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहिले पाहिजे.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी पाळायच्या गोष्टी फार नाहीत. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि नेहमीची औषधे बरोबर द्यावीत. दर अर्ध्या तासाला शिटी वाजवून सर्वांनीच पाणी प्यावे, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवले जाणार नाही. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा ठेवावा. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे गाडीत वारा लागू देऊ नये, कानटोपी आणि स्वेटर हवेच, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. त्याच कारणाने अशा मुलाने तलावाच्या गार पाण्यात उतरू नये. खोल पाण्यात तर कोणीच उतरू नये.

दुखू लागले तर मुलाला बसवावे, पाणी पाजावे, उबदार पांघरूण घालावे, दुखत्या भागाला कोमट शेक द्यावा. बर्फ लावू नये. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, पोटात तीव्र कळ किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे रुग्णालय कोठे आहे, ते निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

कोणाला आजार आहे, ही माहिती मात्र शिक्षक आणि पालक यांच्यातच राहावी. फळ्यावर यादी नको, हाक मारून औषध देणे नको.

तलावावर करण्यासारखी कामे सर्वांना पुरतील एवढी आहेत. कोणी पाळीची लांबी पावलांनी मोजावी, कोणी पांढरी ताटली दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहावे. पाण्याचे तापमान सकाळी, दुपारी, संध्याकाळी टिपावे. आणि ज्या मुलीला फार चालवत नाही, तिने पाळीवरच्या झाडाखाली बसून दर पंधरा मिनिटांनी पाण्यावरचे पक्षी मोजावेत. पक्षी मोजायला एका जागी शांत बसणारा माणूसच लागतो. धावणाऱ्यांना पाहून पक्षी उडून जातात. तिचा तक्ता शाळेत लावा. पुढल्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून पुन्हा मोजणी करा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा.