'अलम्नाय' म्हणजे कोण?

माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचे काम शाळेत सुरू झाल्यापासून 'अलम्नाय' हा इंग्रजी शब्द सर्वांच्या तोंडी आहे. नोकरीच्या अर्जांतही 'मी या शाळेचा अलम्नाय आहे' असे वाक्य आम्हास वारंवार आढळते. ते चूक आहे. अलम्नाय हे अनेकवचन. एकटा माजी विद्यार्थी तो 'अलम्नस', एकटी विद्यार्थिनी ती 'अलम्ना'. फक्त विद्यार्थिनी असतील तर 'अलम्नी', आणि दोघेही असतील तर पुन्हा 'अलम्नाय'च, कारण लॅटिनमध्ये मिश्र समूहाला पुल्लिंगी अनेकवचन लावतात. मराठीत 'मुले' म्हटले की मुलगे-मुली दोन्ही आले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे मराठीची ही सोय आम्हास फार आवडते.

उच्चाराची मात्र गंमत आहे. जुन्या रोमन उच्चारात सगळे उलटे होते, म्हणजे 'अलुम्नी' पुरुषांसाठी आणि 'अलुम्नाय' स्त्रियांसाठी! म्हणून कानावर विसंबू नये, स्पेलिंग पाहावे. शेवटी नुसते 'आय' अक्षर असेल तर पुल्लिंगी, 'ए' आणि 'ई' असतील तर स्त्रीलिंगी. अर्जात शंका वाटल्यास सरळ 'फॉर्मर स्टुडंट' लिहावे, त्यात कमीपणा काही नाही.

शब्दाचे मूळ 'आलेरे', म्हणजे पोसणे, या लॅटिन क्रियापदात आहे. अलम्नस म्हणजे पोसलेले मूल. आईबापांनी टाकून दिलेले मूल दुसऱ्या कोणी वाढवले, तर त्यालाही रोमन लोक हाच शब्द वापरीत. 'अल्मा मॅटर', म्हणजे पोसणारी आई, हेही त्याच मुळातले. इंग्रजीत हा शब्द 17व्या शतकात आला.

आता खरा प्रश्न. आठवीतूनच शाळा सोडून दुकानात बसलेल्या, किंवा लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे नोंदवहीत घ्यावीत का, असे काही विश्वस्तांनी विचारले आहे. शब्दाच्या मूळ अर्थात अंकसूची कोठेच नाही. इंग्रजी शब्दकोशही केवळ शिकून गेलेल्याला अलम्नस मानतात, मग तो उत्तीर्ण असो वा नसो. आमच्या मते ही नावे घेतलीच पाहिजेत, आणि आम्ही ती घेत आहोत.

पालकांनी घरातील माजी विद्यार्थ्यांची नावे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कार्यालयात द्यावीत. विवाहित विद्यार्थिनींचे माहेरचे नाव अवश्य लिहावे, म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरात शोधता येईल.