पाचट कुट्टीच्या ड्रमला तडा गेला तर : टाके मारायचे की ड्रम बदलायचा?



तोड झाली की खोडव्याची घाई सुरू होते. पाचटाची कुट्टी, बुडख्यांची छाटणी, खताचा पहिला हप्ता ही कामे थोड्या दिवसांत उरकायची असतात आणि नेमके तेव्हाच कुट्टी यंत्राचे दुखणे वर येते.

मागे आमच्या एका गटात असेच झाले. ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राच्या ड्रमवर, पाते अडकवायच्या कानापाशी, केसासारखी चीर दिसली. आम्ही यंत्र थांबवा म्हटले. मालक म्हणाले, "साहेब, दोनच एकर राहिलंय. तेवढं उरकू द्या, मग बघू." वेल्डरने जागेवरच टाके मारले. दुसऱ्या दिवशी तो कान पात्यासकट उपटला आणि मागची रबरी पट्टी फाडून बांधावर जाऊन पडला. त्याच बांधावर न्याहारीला बसलेली माणसे नुकतीच उठून गेली होती, म्हणून निभावले. अशी वेळ कुणावर येऊ नये यासाठी हा लेख.

ड्रमवर ताण किती येतो?

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो. गिअर व पट्ट्यामुळे ते वाढून बऱ्याच यंत्रांत ड्रम १८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. अशा वेळी एक किलोचे पाते मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर ते सुमारे ७०० किलोच्या जोराने बाहेर ओढले जाते. म्हणजे एकेका कानाला सात क्विंटलचा ओढा! फेरे दुप्पट झाले की हा ओढा चौपट होतो. म्हणून "जरा रेस वाढवली की काम पळतंय" हा विचार सोडून द्यावा.

एक पाते तुटून पडले की तेवढाच जोर ड्रमला एका अंगाला ओढतो, तोही सेकंदाला तीस वेळा. त्याने बेअरिंग जाते आणि तड्याची सुरुवात होते. दगड, ठिबकच्या नळ्या, तारेचे तुकडे, यंत्र मातीला टेकवून चालविणे आणि सैल झालेले बोल्ट ही बाकीची कारणे.

तडा कसा ओळखावा?

पाहणीआधी इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी, पीटीओचा शाफ्ट सोडवावा व यंत्राखाली लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली शिरू नये. इंजिन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो, तो पुरता थांबू द्यावा.

संशयाची जागा तारेच्या ब्रशने घासून रॉकेल किंवा डिझेल लावावे. दहा मिनिटांनी कोरडी पुसून वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आतले तेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. ती रेघ कुठे आहे यावर पुढचे सारे ठरते.

दुरुस्ती कधी चालेल?

ड्रमचा पाइप सरळ आहे, पोलाद झिजलेले नाही आणि चीर एखाद्या कानाच्या जोडापुरतीच आहे, अशा वेळी दुरुस्ती करता येते. मात्र ती शेतात नव्हे, ड्रम बाहेर काढून चांगल्या वर्कशॉपमध्ये करावी.

१. चिरेच्या दोन्ही टोकांना लहान भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही.
२. वरवर टाके न मारता चीर ग्राइंडरने मुळापर्यंत खोलून मगच भरावी.
३. ७०१८ जातीचा कमी हायड्रोजनचा रॉड भट्टीत कोरडा करून वापरावा. दमट रॉडने केलेला जोड पुन्हा तडकतो.
४. अर्थची क्लिप ड्रमलाच लावावी. दुसरीकडे लावल्यास आणि बेअरिंग चढवलेले असल्यास करंट त्यातून जाऊन ते खराब होते.
५. वेल्डिंगवर पाणी ओतू नये. आपोआप निवू द्यावे.

ड्रम कधी बदलावा?

तडा टोकाच्या तबकडीला किंवा शाफ्टच्या जोडाला असेल, पाइपवर आडवा पसरत असेल, ड्रम वाकला असेल, किंवा जुन्या टाक्याशेजारीच नवी चीर आली असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. कडबा कुट्टीच्या बिडाच्या चाकालाही हेच लागू. बीड ठिसूळ असते, साध्या रॉडचे टाके त्यावर धरत नाहीत. तडकलेले बिडाचे चाक भंगारातच टाकावे.

पैशाचा हिशेब करताना नुसती वेल्डिंगची मजुरी धरू नये. बॅलन्सिंग, बेअरिंग व पाती मिळून खर्च नव्या ड्रमच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा घेणे परवडते, असे आमचे मत आहे. घेताना शाफ्टची जाडी, बेअरिंगचा नंबर, कानांची मांडणी आणि फिरण्याची दिशा जुन्याशी ताडून पाहावी.

बॅलन्सिंग विसरू नका

ड्रम दुरुस्त केलेला असो वा नवा, पाती चढवून मशिनवर फिरवून बॅलन्स केल्याशिवाय तो बसवू नये. हाताने फिरवून "कुठंबी थांबतोय, म्हंजे बरोबर हाय" असे मिस्त्री म्हणतो. पण लांब ड्रमची दोन्ही टोके वेगवेगळी जड असू शकतात, आणि ते हाताला कळत नाही. पुढे पाते बदलताना समोरासमोरची जोडी सारख्या वजनाची घालावी. यंत्र चालू असता मागे व बाजूला कुणालाही उभे राहू देऊ नये. संरक्षक पट्ट्या काढून यंत्र कधीच चालवू नये.

तोवर शेताचे काय?

खरी अडचण इथेच आहे. यंत्र बंद पडले की काही सभासद पाचटाला काडी लावतात. पाचट कुट्टीशिवायही कुजते, फक्त वेळ जास्त लागतो. ते सरीआड सरीत दाबून बसवावे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत आणि पाणी द्यावे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. एवढे सेंद्रिय खत जाळून पुन्हा शेणखत विकत घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तेव्हा घाई करून तडकलेला ड्रम फिरवू नका आणि घाई करून पाचटही जाळू नका. दोन एकर चार दिवस थांबतील. यंत्राची शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात कळवावे, आमचे शेतकी खात्याचे कर्मचारी येऊन पाहतील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग