समुद्राकडे निघण्याआधी तिथी बघा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नांदुऱ्याची अनेक कुटुंबे रात्रीची गाडी पकडून मुंबई, ठाणे, कल्याणच्या नातेवाइकांकडे जातात. पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेल्या मुलांचा पहिला हट्ट ठरलेला असतो: समुद्र! मग मामा-मावशी एका दिवसाचा अलिबागचा बेत करतात. गेटवेहून बोटीने तासाभरात मांडवा, तिथून साधारण वीस किलोमीटरवर अलिबाग, आणि संध्याकाळी परत. डबा कोण करणार, बोट कितीची, टोप्या कोणाकडे, सगळे ठरते. राहून जाते ते एकच. त्या दिवशी समुद्राला भरती केव्हा आहे, हे कोणी विचारत नाही.

घाटाखालच्या माणसाला पाणी नवे नाही. ज्ञानगंगा, पूर्णा आणि शेतातल्या विहिरी इथे आहेत, आणि त्यांत पोहायला शिकलेले अनेक जण आहेत. धोका नेमका तिथेच आहे. विहिरीचे पाणी जागेवर असते आणि नदीचे एका दिशेने वाहते. समुद्राचे पाणी साधारण सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. वरून लाटा किनाऱ्याकडे येताना दिसतात, पण त्याच वेळी खालून पाणी परत जात असते. विहिरीतला पट्टीचा पोहणाराही समुद्रात नवशिका असतो.

तिथीचे पाऊणपट

चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीची वेळही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. किनाऱ्यावरचे लोक यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याचे पाऊणपट केले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. ही वेळ सकाळ-संध्याकाळ, दोन्हींना लागू. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता हा हिशेब पौर्णिमेला किंवा अमावास्येला लावून पाहा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सकाळच्या बोटीने निघालेले कुटुंब अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचते नेमके त्याच वेळी. शिवाय या दोन तिथींच्या आसपास चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती सर्वांत मोठी असते. तिलाच उधाण म्हणतात. म्हणजे मुले पाण्याकडे धावतात तेव्हा समुद्र सर्वांत वर आलेला असतो आणि वाळूची पट्टी सर्वांत अरुंद झालेली असते. पंचांग हाताशी असलेल्या घरात हे आदल्या आठवड्यातच कळू शकते. अर्थात हा केवळ अंदाज आहे. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते.

अलिबागचा कुलाबा किल्ला हा तर भरती-ओहोटीचा चालता-बोलता धडा आहे. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीला किल्ल्याभोवती पाणीच पाणी. दशमीच्या सुमाराला दुपारी दीड-पावणेदोनला ओहोटी येते आणि एका दिवसाच्या सहलीला ती वेळ सोयीची असते. मात्र उधाण नसलेल्या, म्हणजे भांगाच्या, दिवसांत ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकते. म्हणून निघण्याआधी स्थानिकांना विचारावे, आणि पाणी फिरायच्या आत परतावे. पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम वाढते आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते. ‘अजून घोट्याएवढेच आहे’ म्हणत फोटो काढत राहिलेले लोक अडकतात ते यामुळे.

शांत दिसणारी पट्टी

तिथी वेळ सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस वद्य अष्टमीच्या आसपासचा होता, म्हणजे उधाणाचा नव्हे.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट जागा सापडली की ते तिथून जोराने आत जाते. या अरुंद प्रवाहाला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो आणि त्याविरुद्ध पोहणे ऑलिंपिकपटूलाही जड जाईल. फसवी गोष्ट अशी की या पट्टीत लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाणी दिसते. नवखा माणूस मुलांना घेऊन तिथेच उतरतो.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो बहुतेक वेळा किनाऱ्याकडे पोहण्याच्या झटापटीत दमून. म्हणून आधी पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर यावे. समुद्राचे पाणी खारे असल्याने थोडे जड असते आणि अंग त्यात विहिरीपेक्षा सहज तरंगते. घाबरून हातपाय मारले नाहीत तर हा फायदा मिळतो. किनाऱ्यावरच्या नातेवाइकांनी मात्र मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा झाकणबंद कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे. एकाला वाचवायला गेलेला दुसराही बुडाल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.

नांदुऱ्याचा कूलर अलिबागला का चालत नाही?

मे महिन्यात ४३-४४ अंश सोसणाऱ्याला अलिबागचे ३४ अंश किरकोळ वाटतात. शरीराचा हिशेब वेगळा असतो. नांदुऱ्यात कूलर छान गार हवा देतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर वाफ होऊन उष्णता घेऊन जाते. घामही असाच काम करतो. किनाऱ्यावर हवा आधीच दमट असल्याने तिथे कूलर निकामी ठरतो आणि घामही वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि क्षार जातात, पण अंग थंड होत नाही. त्यात वाळू आणि फेसावरून परतणारे ऊन खालूनही लागते.

त्यामुळे बारा ते चार हा वेळ सावलीत काढावा. तहान लागण्याची वाट न पाहता सर्वांना पाणी, ताक किंवा ओआरएस देत राहावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना असते. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग खूप तापले तर तो उष्माघात समजून ओल्या कपड्याने अंग गार करत रुग्णालय गाठावे. रक्तदाबासाठी पाणी उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खाऱ्या पाण्याचे नवल नाही, पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतके खारे मूत्र आपले मूत्रपिंड तयार करू शकत नाही. ते क्षार बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी खर्च होते. खेळताना मुले हे पाणी गिळत असतील तर त्यांना मधूनमधून बाहेर बोलावून गोडे पाणी पाजावे.

कोणी बुडालाच तर

जगभरात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात. बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबणे किंवा पाय धरून उलटे फिरवणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी-अन्न श्वासनलिकेत शिरू शकते. श्वास चालू आहे का, हे पाहावे. चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाबावे आणि दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आलेल्याला खोकला किंवा धाप असेल तर ‘आता बरा आहे’ म्हणून घरी नेऊ नये. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

बेत कसा आखावा?

आधी तिथी पाहून भरतीची वेळ काढा, मग बोट ठरवा. सहसा पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात आणि मेअखेरीसच समुद्र खवळू लागतो, म्हणून सुट्टीच्या सुरुवातीचे दिवस बरे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. तो असेल तर दिवस बदला. बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मुलांना त्यांच्या मापाचे द्या. बोट लागत असेल तर मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे पाहा. डोळे आणि कान मेंदूला हालचालीची एकच खबर देतात, तेव्हा मळमळ कमी होते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर दहा मिनिटे नुसते उभे राहून लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत, हे पाहा. जीवरक्षक किंवा कोळी बांधवांना विचारा. पाण्यात गुडघ्यापर्यंतच जा, आणि एक मोठा माणूस फक्त मुलांकडे पाहण्यासाठी नेमा. त्याच्या हातात मोबाइल नको.

दिवसभर समुद्र पाहून मुले रात्री मामाच्या घरी दमून झोपतील. त्यांच्या केसांतली वाळू दोन दिवस निघत राहील. सहलीतून घरी यायला हवी ती एवढीच.