युद्धकाळातील निवडणूक

देश युद्धात गुंतला असता लोकांनी मतदान करावे काय? हजारो मतदार आघाडीवर असतात, मतदारयाद्या जुन्या होतात, सभांवर निर्बंध येतात. शिवाय ऐन लढाईत सरकार बदलणे पुष्कळांस धोक्याचे वाटते. तथापि निवडणूक लांबली म्हणजे राज्यकर्त्यांस जाब विचारण्याची संधीही लांबते.

दुसऱ्या महायुद्धात पनवेलने याचा अनुभव घेतला. हे गाव त्या काळी मुंबई इलाख्यातील कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात होते. १९३७ च्या आरंभी प्रांतिक विधानसभेसाठी मतदान झाले. मताधिकार सरसकट नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींस न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात खेरांनी राजीनामा दिला व कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला. पाच वर्षांसाठी निवडलेल्या विधानसभेची पुढील निवडणूक १९४६ साली झाली. दरम्यान महागाई वाढली, धान्यावर नियंत्रण आले, बेचाळीसचे आंदोलन झाले. यांपैकी कशावरही पनवेलच्या मतदारास मतपेटीतून बोलता आले नाही.

इंग्लंडातही १९३५ नंतर थेट १९४५ सालीच सार्वत्रिक निवडणूक झाली. भेद इतकाच, की तेथे मुदतवाढ खुद्द पार्लमेंटने, एकेका वर्षापुरती, कायदा करून दिली. जपानशी युद्ध चालू असतानाच ५ जुलै १९४५ रोजी मतदान झाले. परदेशांतील सैनिकांची मते यावयाची म्हणून मोजणी २६ जुलैपर्यंत थांबली. आणि चर्चिल यांस पायउतार व्हावे लागले.

भारताच्या राज्यघटनेने ही मर्यादा लेखी घातली. आणीबाणीत संसद कायद्याने लोकसभेची मुदत एका वेळी फार तर एक वर्ष वाढवू शकते. आणीबाणी उठल्यावर ती वाढ सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही. चीनशी झालेल्या युद्धात, १९६२ साली पुकारलेली आणीबाणी १९६८ पर्यंत टिकली, तरी १९६७ ची निवडणूक वेळेवर झाली. उलट १९७६ मध्ये कोठेही लढाई नसता मुदत वाढविण्यात आली.

तेव्हा तोफा वाजत आहेत की नाहीत, एवढ्यावरून निर्णय होत नाही. निवडणूक कोण पुढे ढकलतो, किती काळ, आणि त्यास त्याचा जाब कोणापुढे द्यावा लागतो, हे पाहिले पाहिजे.