पालघर तालुक्यातील घनकचरा नियोजन

पालघर तालुक्यातील घनकचरा नियोजन म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील या तालुक्यात नगर परिषद व ग्रामपंचायती यांनी घरे, बाजार, खानावळी व सार्वजनिक जागा यांतून निघणारा कचरा कमी करणे, वेगळा करणे, वाहून नेणे आणि त्याची विल्हेवाट लावणे यांसाठी करावयाची व्यवस्था होय. तालुक्यात पालघर हे नगर परिषदेचे शहर, बोईसर-तारापूर हा औद्योगिक पट्टा आणि केळवे, माहीम, सातपाटी यांसारखी किनाऱ्यावरील गावे आहेत. तिन्ही ठिकाणच्या कचऱ्याचे स्वरूप भिन्न आहे. केळव्यासारख्या पर्यटनाच्या गावांत कचरा येणाऱ्या लोकांच्या संख्येनुसार वाढतो, परंतु त्यासाठीचा शासकीय निधी मात्र स्थायी लोकसंख्येनुसार ठरतो. ही तेथील नियोजनातील मुख्य अडचण आहे.

जबाबदार यंत्रणा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. शहरांतील घनकचरा व्यवस्थापन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे येतो. अकराव्या अनुसूचीत ‘आरोग्य व स्वच्छता’ हा पंचायतींचा विषय आहे. गावातील स्वच्छतेची जबाबदारी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये ग्रामपंचायतीवर आहे.

कचऱ्यासंबंधीचे २००० सालचे केंद्रीय नियम केवळ नगरपालिका क्षेत्रांपुरते होते. त्यांच्या जागी ८ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही कक्षा वाढवून जनगणना शहरांच्या ग्रामपंचायतींनाही आराखडा तयार करण्यास बांधले. वस्ती शहरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा, अशा ठिकाणास जनगणनेत ‘जनगणना शहर’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार ३६ हजारांहून अधिक लोकसंख्या असलेले बोईसर हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील औद्योगिक व घातक कचरा या नियमांच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम असून त्यांच्या अंमलबजावणीवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते. कामगार वसाहती, चाळी व बाजार यांचा दैनंदिन कचरा मात्र स्थानिक संस्थेनेच उचलावयाचा असतो.

केळवे येथील कचऱ्याचे स्वरूप

केळवे हे सुरूच्या झाडांनी वेढलेल्या समुद्रकिनाऱ्यासाठी व शीतलादेवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम रेल्वेवरील केळवे रोड स्थानकामुळे मुंबई परिसरातून एका दिवसात येऊन परतणे शक्य होते. त्यामुळे शनिवार, रविवार व सुट्ट्यांच्या दिवशी गर्दी वाढते. येथील कचऱ्याचे चार प्रमुख प्रवाह आहेत :

• वाडीतील कचरा : नारळाच्या झावळ्या व सोडणे, केळीचे खुंट, पानवेलींचा पालापाचोळा
• घरगुती व खानावळींचा ओला कचरा : उरलेले अन्न, भाजीचे देठ, मासळीचे टाकाऊ भाग
• पर्यटकांचा सुका कचरा : पाण्याच्या बाटल्या, वेष्टने, कागदी व प्लास्टिकचे पेले, शहाळी
• समुद्राने आणलेला कचरा : प्लास्टिक, दोरखंड व जाळ्यांचे तुकडे, जे पावसाळ्यातील उधाणात किनाऱ्यावर येऊन पडतात

पहिला प्रवाह परंपरेने वाडीतच जिरतो. दुसरा घराजवळ किंवा खानावळीच्या आवारात कुजवता येतो. तिसरा व चौथा प्रवाह मात्र गावाच्या उपभोगातून निघत नाहीत आणि ते गोळा करण्याचा भार गावावरच पडतो.

जागेची मर्यादा

२०१६ च्या नियमांनुसार कचराभूमी नदीपासून १०० मीटर आणि तलाव, महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर दूर असावी लागत असे. सागरी किनारा नियमन क्षेत्रात भरावासाठी शहरी कचरा टाकण्यास मनाई आहे. किनाऱ्यालगतची रेताड जमीन, विहिरी, खाडी आणि एकमेकींना लागून असलेल्या वाड्या पाहता, अशा गावांत मोठ्या कचराभूमीस योग्य जागा मिळणे अवघड असते. कचरा उघड्यावर जाळण्यासही नियमांनी बंदी आहे. म्हणून निर्मितीच्या ठिकाणीच कचरा कमी करणे व वेगळा ठेवणे हा येथे व्यवहार्य मार्ग ठरतो.

निधी

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या २०२०-२१ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना दरडोई ६० रुपयांपर्यंत, तर त्याहून मोठ्या गावांना दरडोई ४५ रुपयांपर्यंत निधीची तरतूद करण्यात आली. या हिशेबाने ४,००० वस्तीच्या गावास कमाल २,४०,००० रुपये मिळतात. गाव पर्यटनाचे असले, तरी येणाऱ्यांची संख्या या हिशेबात धरली जात नाही. शिवाय हा निधी खड्डे, शेड, वाहने अशा उभारणीसाठी असतो. सफाई कामगारांचे वेतन, इंधन व दुरुस्ती हा आवर्ती खर्च ग्रामपंचायतीस अन्य मार्गांनी भागवावा लागतो.

त्यासाठी दोन प्रमुख साधने आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित केली. दुसरे साधन म्हणजे १९५८ च्या अधिनियमाखालील करआकारणी, ज्यात कचरा उचलण्यासाठीच्या आरोग्यरक्षण उपकराचाही समावेश होतो.

आराखड्याचे टप्पे

ग्रामपंचायतीचा आराखडा सामान्यतः पुढील क्रमाने तयार होतो :

१. मोजणी : कामाचा दिवस व सुट्टीचा दिवस यांचे वजन वेगवेगळे घेणे. केवळ कामाच्या दिवसाची मोजणी केल्यास पर्यटनाच्या गावात घंटागाड्या व कामगार अपुरे पडतात.
२. घट : २०१८ च्या राज्यव्यापी प्लास्टिक व थर्माकोल बंदीची बाजारात अंमलबजावणी करणे, तसेच खानावळींत धुऊन वापरता येणारी भांडी ठेवणे.
३. वर्गीकरण : ओला, सुका व घरगुती घातक कचरा उगमस्थानीच वेगळा ठेवणे.
४. प्रक्रिया : ओल्या कचऱ्यासाठी गांडूळ खत किंवा नाडेप पद्धत. नाडेप ही यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत असून तीत १० × ६ × ३ फुटांच्या, भिंतींत भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात सुमारे तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.
५. संकलन व विक्री : सुका कचरा साठवून पुनर्वापरासाठी भंगार व्यावसायिकांकडे देणे. एका गावाचे प्लास्टिक प्रक्रियेसाठी अपुरे असते, म्हणून मिशनमध्ये तालुका पातळीवर एका सामायिक प्लास्टिक प्रक्रिया केंद्राची तरतूद आहे.

ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात ही कामे समाविष्ट करून ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते.

वेंगुर्ल्याचा अनुभव

कोकणातील लहान संस्थेचे उदाहरण म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगर परिषदेचा उल्लेख केला जातो. सुमारे १२ हजार लोकसंख्येच्या या किनारी शहरात २०१५ पासून तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कार्यकाळात घरोघरी वर्गीकरण सक्तीचे करण्यात आले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत तयार होऊ लागले आणि प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांच्या कामात वापरला गेला. जुन्या कचराभूमीच्या जागेचे रूपांतर ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ या नावाने करण्यात आले.

वेंगुर्ल्याची व्यवस्था ग्रामपंचायतींना जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण मुख्याधिकारी, स्वच्छता निरीक्षक व स्थायी कर्मचारी अशी नगर परिषदेची यंत्रणा त्यांच्याकडे नसते. तरीही वर्गीकरण घरीच झाल्यास कचराभूमीची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते, हे त्या प्रयोगातून दिसून आले.